सगळ्यात जोराचा दिवा

गावोगाव मोटारसायकलवरून औषधं पोचवणारे काका महिन्यात तिसऱ्यांदा हेडलाइट बदलायला आले. मेकॅनिकने यावेळी दुकानातला सगळ्यात प्रखर दिवा बसवला, शटर खाली ओढलं आणि चावी फिरवली. भिंत अशी पांढरीफटक झाली की त्याने स्वतःच डोळ्यांवर हात धरला.

काका मात्र टक लावून बघत होते. "याहून जोराचा नसतो का रे?"

दिवा बंद करून मेकॅनिकने हळूच विचारलं, "काका, डोळे दाखवलेत का कुणाला?"

"दाखवले ना. दोन डॉक्टर झाले. आता चष्म्याने काही होणार नाही म्हणाले." काका गाडीच्या टाकीवरून हात फिरवत राहिले. "म्हणून तर तुझ्याकडे आलो."