बुवांची चाल

ड्रायव्हरच्या स्पीकरमधून स्वतःची चाल ऐकू आली तेव्हा शत्रुघ्नबुवा ताडकन सरळ बसले.

एरवी अब्बासियातून कंपनीची बस सुटली की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पहिल्या सिग्नलच्या आत त्यांचा डोळा लागायचा, तो थेट मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या गेटवर उघडायचा. आज झोप आली नाही. उद्या शुक्रवारी मंगाफच्या मंडळाशी शक्ती-तुऱ्याचा सामना होता. बुवा इथे आखातात येऊन पाइप जोडत असले तरी मूळचे संगमेश्वराकडचे तुऱ्याचे शाहीर. सामना म्हणजे गाण्यातून सवाल, गाण्यातून जवाब, आणि चाल ज्याची त्याची. बुवांनी आजवर सिनेमाची एक चाल उसनी घेतली नव्हती. हे ते दिवसातून एकदा तरी सांगत.

ही नवी चाल त्यांना जूनमध्ये सुचली, कामावरून येऊन आंघोळ करताना. तेव्हापासून खोलीतल्या आठ जणांचे हाल होते. तालमीला खिडक्या बंद, ढोलकीवर टॉवेल आणि सगळ्यांचे फोन तांदळाच्या डब्यात. मंगाफवाल्यांचे कान कुठेही असू शकतात, असं बुवांचं म्हणणं. पहिलं कडवं तर त्यांच्याच तोंडावर मारायला बांधलेलं:

“चाल कुणाची उचललीस गड्या, बोल भरल्या सभेत,
तोंड तुझं जरी गप्प राहिलं, पाय नाचतो ठेक्यात.”

आणि तीच चाल आता या घानाच्या ड्रायव्हरकडे वाजत होती. बोल परक्या भाषेतले, सोबत गिटार, ऑर्गन आणि मागे कुणीतरी लोखंडी घंटा बडवतोय. पण वळण तेच. बुवा जिथे श्वास घेत तिथे हा गाणाराही घेत होता.

बुवांनी हळूच शेजारी बघितलं. त्यांचा ढोलकीवाला शैलेश खिडकीला डोकं टेकून बसला होता. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा मंगाफला राहायचा. ड्रायव्हरबरोबर रोज चहा पितो. तालीम संपली की डब्यातून फोन आधी उचलणाराही हाच. बुवांना एवढं पुरे झालं.

“फोन दे.”

“कशाला?”

“दे म्हणतो ना. याला चाल दिलीस तू. म्हणजे मंगाफला पण पोचली.”

शैलेशने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग फोन उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. “बघा. सगळं बघा, बुवा. पण बघून झालं की उद्यासाठी दुसरा ढोलकीवाला पण बघा. मी काय वाजवनार नाय.”

बुवांनी बघितलं. रेकॉर्डिंगमध्ये शैलेशची लेक स्वरा पाढे म्हणत होती. बे एके बेपासून तेरापर्यंत. दुसरं काही नव्हतं. बुवांना लाज वाटली, पण संशय काही हलेना. पुसून टाकलं असेल. मागच्या सीटांवरचे लोक आता जागे होऊन कान टवकारून बसले होते.

सिग्नलला बस थांबली तसं बुवांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट टोचलं. “ए क्वेसी, ये गाना तेरे को किसने दिया?”

“मेरा बाप,” क्वेसी म्हणाला. त्याने आपल्या फोनवरचा एक फोटो काढून मागे धरला. जुन्या तबकडीचं कव्हर, त्यावर बेलबॉटम घातलेले पाच जण. मधला गिटारवाला नाकडोळ्यांनी हुबेहूब क्वेसी. “मेरा बाप का बँड. सेव्हन्टी सिक्स. घंटा गाव का, ढोल गाव का, ऊपर से अमेरिका का गिटार.”

बुवांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. शहात्तर साली त्यांचा जन्मही झाला नव्हता. पण एवढ्यावर हार मानतील तर ते बुवा कसले.

“आपले कोकणातले खलाशी जायचे तिकडे,” ते मागे वळून म्हणाले. “त्यांनी नेली असनार.”

“जूनमध्ये सुचलेली?” मागून कुणीतरी विचारलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बुवांना बरं वाटलं असतं.

क्वेसीला मराठी येत नव्हती, पण बुवांचा चेहरा त्याला वाचता आला. त्याला वाटलं, गाणं आवडलं नाही. “पसंद नहीं?” तो गोंधळून म्हणाला. “मार्च से मैं रोज लगाता. तुम पीछे सोता. तुम सोता, तुम्हारा पैर नहीं सोता. इधर मेरा सीट पे लगता, टक, टक-टक. पूरा गाना.”

सिग्नल हिरवा झाला. क्वेसीने फोन ठेवला आणि गिअर टाकला.

 बुवांना मागे बघायचं नव्हतं. मघाशी त्यांनी शैलेशकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आता अख्खी बस आपल्या मानेकडे बघते आहे, हे त्यांना न बघताही कळत होतं. त्यांनी शैलेशचा फोन पुढे केला. शैलेशने तो घेतला, पँटला पुसला आणि खिशात टाकला. 

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“उद्या वाजवतो मी,” शैलेश खिडकीकडे बघतच म्हणाला. “पहिलं कडवं तेच ना, बुवा?”

 बुवांनी खाली बघितलं, आणि उजव्या बुटावर डावा बूट दाबून धरला.