साहेबांचा अधिकार

"पोलिसांनी कपाट उपसलं, साहेब," आई म्हणाली. "हिचे आतले कपडेसुद्धा. लॅपटॉप समोर टेबलावर होता."

सरकारी वकिलांनी तोंड वाकडं केलं. "बसा, मावशी."

लेक खुर्चीच्या कडेला टेकली होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. एकदा तिच्या लक्षात आलं, की हॉस्पिटलच्या वेबसाइटवर रिपोर्टच्या पत्त्यात दुसरा नंबर टाकला की दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडतो. तिनं वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी तिच्यावरच घुसखोरीची तक्रार ठोकली. खटला उभा राहिला तर तुरुंग. सुटली तरी कुठलीही लॅब तिला दारात उभं करणार नव्हती.

"कितीजणांचे पाहिलेस?" वकिलांनी विचारलं.

"दोघांचे. खात्री करायला. वाचले नाहीत."

"नावावरून सापडतात?"

"नाही. पेशंटच्या कार्डाचा नंबर लागतो."

"आणि पाहिलेलं हॉस्पिटलला कळतं?"

"मी सांगितलं म्हणून कळलं."

"अजून तसंच आहे?"

"मैत्रीण म्हणते, तसंच आहे."

वकिलांनी फाइल दूर सारली. "शिसारी येते. स्वतःचं दार सताड उघडं, आणि सांगायला आलेलीला चोर म्हणायचं."

आईला हायसं वाटलं. तिची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. तेव्हा फोन जोडून देताना साऱ्या शहराची भांडणं, सोयरिकी, आजारपणं कानावर पडायची. एकीनं ऐकलेलं बाहेर बोलून दाखवलं, तर बाकीच्या जणींनी तिच्याशेजारी डबा खाणं सोडलं होतं.

"हिलाही तेच शिकवलं मी," ती म्हणाली. "कानावर पडलं म्हणून ते आपलं होत नाही."

"अशी माणसं राहिलीत कुठे, मावशी?" वकील हळहळले. "हा खटला मी चालवणार नाही. तेवढा अधिकार आहे मला."

आईचे डोळे भरून आले. लेक पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकली.

वकिलांनी स्टेनोला चहा सांगायला पाठवलं. उठून दार लावून घेतलं. मग खिशातून एक चिठ्ठी काढली आणि टेबलावरचा कॉम्प्युटर लेकीकडे वळवला.

"सही करतोच," ते म्हणाले. "त्याआधी हा नंबर टाक. माझी होणारी सून आहे. हिचे जुने सगळे रिपोर्ट काढ."