चुन्याची रेघ

चुन्याच्या रेघेपाशी तांडेलकाकांनी व्हीलचेअर थांबवली. वेधशाळेच्या चुंबकघरापासून वीस पावलांवरची ही रेघ त्यांनीच आखलेली. लोखंड घेऊन पलीकडे जायचं नाही, नाहीतर आतला काटा चुकतो. पट्ट्याच्या बकलापायी त्यांनी एकदा खुद्द संचालकांना इथूनच माघारी धाडलं होतं. आता पाय गेले आणि बुडाखाली लोखंडच आलं.

"काका, सूर्यावरून सुटलेला जोराचा वारा अकरापर्यंत पोचतोय," त्यांच्या जागेवर लागलेली रेवती म्हणाली.

"म्हणजे पृथ्वीभोवतीचं चुंबकी कवच सूर्याच्या बाजूनं दबणार. वाऱ्यात धरलेली छत्री दबते, तसं. आणि काटा टुणकन उडणार." तीस वर्षं ती उडी त्यांनी स्वतः टिपली होती. "जा, बघून ये. मी आहे इथंच."

रेवती गेली ती शिपायाला घेऊन परतली. दोघांनी एक सागवानी खुर्ची उचलून आणली होती, दोन्ही बाजूंना पालखीसारखे दांडे लावलेली.

"खिळे कसले?" काकांनी दरडावलं.

"पितळी. सुताराकडून मुद्दाम करून घेतली."

काकांचा विश्वास बसेना. खिशातलं जुनं लोहचुंबक काढून त्यांनी ते एकेका खिळ्यावरून फिरवलं. कुठंच चिकटलं नाही. पुन्हा एकदा फिरवलं. मग ते त्यांनी व्हीलचेअरच्या दांडीला लावलं. खटकन चिकटलं.

"राहू दे तिथंच," काका म्हणाले, आणि उचलून घ्या म्हणून त्यांनी दोघांपुढे हात केले.