हेडफोनचं सॉकेट

"स्पीकर दुरुस्त झाला, काकू. हेडफोनचं सॉकेट मात्र गेलंय. काढून टाकू?" जुनं इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन पुढं सरकवत दुरुस्तीवाल्या इसाकभाईंनी विचारलं. "आता सासूबाई नाहीत. लागणार कशाला?"

सासूबाईंना सुनेनं वाजवलेलं खपत नसे. लग्नापासून काकूंनी भाता बांधून ठेवणारा पट्टा कधी उघडलाच नव्हता. भाता मिटलेला ठेवून, विजेवर, कानाला हेडफोन लावून त्या वाजवायच्या. घरात ऐकू यायची ती फक्त बोटांची टकटक.

"वाजवून तर बघा." इसाकभाईंनी स्पीकरचा आवाज मोठा केला.

काकूंनी एक सूर दाबला. तो दुकानभर घुमला. त्यांनी झटकन हात मागे घेतला आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

"सुरेख लागलाय की," इसाकभाई म्हणाले.

"हो," पदरानं कपाळ टिपत काकू म्हणाल्या. "ते सॉकेट तेवढं बदलून द्या."