रेशमाचा नाच

वरातीतून घरी आणताच रेशमा घोडी पोटशूळानं तडफडून मेली, तेव्हापासून मन्सूरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्याची समजूत घालायला डीजेवाला श्रावण त्या वरातीचा व्हिडिओ घेऊन आला.

"हे पाहा मन्सूरभाई, किती खुशीत होती. उगाच सोताले दोष देऊन राह्यले तुम्ही."

व्हिडिओत मन्सूरनंच शिकवल्याप्रमाणे रेशमा पुढचा पाय जमिनीवर आपटत होती. मधूनच मान वळवून पोटाकडे पाहत होती. वऱ्हाडी शिट्ट्या मारत होते आणि लगाम ओढत मन्सूर हसत म्हणत होता, "और नाच, बेटी."

मागे उभी राहून व्हिडिओ पाहणाऱ्या मन्सूरच्या बायकोनं, हजराबीनं विचारलं, "यात गाणं काहून ऐकू येत नाही?"

"डीजे बंद पडला होता न तेव्हा, भाभी."

"मंग रेशमा कायच्यावर नाचून राह्यली होती?"