पाण्यातली गाडी चालू होईना

बटण दाबलं की नुसतं टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. वीरेंद्रनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि तो पाण्यातल्या गाडीच्या, म्हणजे वॉटर स्कूटरच्या, पोटात डोकं घालून बघायला लागला.

"बॅटरी उतरली असंल रं," कुंथुनाथआप्पा म्हणाले. बाजेवर बसून ते शेंगा फोडत होते आणि चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हते.

तसं आप्पांना सगळं ठाऊक होतं. पोरगं यायच्या आधी त्यांनीच गाडीच्या बॅटरीची काळी वायर सैल करून, लावल्यासारखी दिसेल अशी टेकवून ठेवली होती. दूधगंगेच्या काठावरची ही जुनी खोडी. इंजिनपंप नदीवर सोडून यायचं झालं की वायर अशी खोटी टेकवायची, म्हणजे भावकीतल्या कुणाला आपल्या इंजिनावर पाणी ओढता येत नाही.

सदलग्यात लोकांना नदीवर फिरवायचा धंदा काढतो म्हणून वीरेंद्रनं ही गाडी आणली होती. परवाना काही मिळाला नाही. गाडी तंबाखूच्या वखारीत पडली, आणि पोरगं बेंगळूरला नोकरीला गेलं ते दिवाळीपुरतं दिसायला लागलं. आता मालवणकडचं एक गिऱ्हाईक तयार झालं होतं. गाडी चालू करून दाखवली की ते घेऊन जाणार, आणि वीरेंद्र मिळेल त्या बसनं परत.

परत, हेच तर आप्पांना नको होतं. बायको, धोंडूबाई, गेल्यापासनं घर खायला उठायचं. जैनाचं घर, जेवण दिवस मावळायच्या आत. आणि त्या वेळेला आप्पा एकटेच भिंतीकडं तोंड करून भाकरी मोडायचे. कधी कधी दोन घास खाऊन ताट सारायचे. चार दिवस पोरगं समोर जेवलं तर कुणाचं काय बिघडतंय?

म्हणून ऊन उतरलं की आप्पा हाक मारायचे, "हात धू, उद्या बघू." वीरेंद्रही गपगुमान उठायचा. दोघं समोरासमोर बसायचे. बोलणं फार नसायचं, पण आप्पांना एक भाकरी जास्त जायची.

वीरेंद्रनं बॅटरी चिकोडीला नेऊन चार्ज करून आणली. प्लग काढून पुसले. मोबाइलवर बघून बघून स्टार्टर खोलला, पुन्हा बसवला. गाडी ढिम्म. उलट आधी निदान टक् व्हायचं, आता तेवढाही आवाज येईना.

तेव्हा मात्र आप्पांचं धाबं दणाणलं. आपल्या खोडीनं आत काही जळलं तर? त्यात गिऱ्हाइकाचा फोन आला की उद्यापर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर तो दुसरी बघणार. वीरेंद्र बरं म्हणाला आणि पाना घेऊन पुन्हा वाकला. त्याची वाकलेली पाठ बघून आप्पांना स्वतःचीच लाज वाटली. पोराचं नुकसान करून त्याला ताटावर बसवायचं, हे कसलं बापपण?

त्या दिवशी जेवताना आप्पा नुसतीच भाकरी चिवडत होते. शेवटी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"वीरेंद्र, काळी वायर मी ढिली केलती. तू लवकर जाऊ नयेस म्हणून. ती लाव, गाडी दे, आणि जा बाबा तू."

वीरेंद्र खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"आलतो त्याच दिवशी दिसली, आप्पा. तवाच घट्ट केली."

"मग आता टक्बी का होईना?"

वीरेंद्रनं डावा हात खिशात घातला आणि गाडीचा फ्यूज काढून आप्पांच्या तळहातावर ठेवला.