दाढीवाला रब्बी

“तू नको. रब्बीला बोलाव,” झेलिग म्हणाले.

द्वोरा प्रार्थनेचं पुस्तक मिटून खाटेपाशी तशीच उभी राहिली. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मरणाऱ्याकडून म्हणवून घेतो ती देवापुढची अखेरची कबुली बापाकडून आपण म्हणवून घ्यावी, एवढीच तिची इच्छा होती.

“ताते, मी रब्बीच आहे.”

“संगणकावरची. स्वयंपाकघरात बसून दोन वर्षं शिकलीस, भाड्याच्या हॉलमध्ये कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, झालीस रब्बी.” त्यांना धाप लागली. “उद्या दातही संगणकावरच उपटतील.”

ती हसली. पिट्सबर्गच्या याच इस्पितळात कितीतरी परक्या म्हाताऱ्यांनी तिच्यामागून ती कबुली म्हटली होती. ती गाऊनच म्हणायची. प्रवचनही तिचं गाण्यातलंच. ऐकता ऐकता माणसं रडत, हलकी होऊन घरी जात. ताते मात्र एकदाही आले नव्हते.

तिने खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या रब्बींना फोन केला.

रब्बी नाफ्ताली आले. छातीपर्यंत पांढरी दाढी, डोक्यावर काळी हॅट. द्वोराला पाहून ते दारातच थबकले. तिने मान खाली घातली. झेलिगनी दाढी पाहिली, हॅट पाहिली, आणि कुठे शिकलात हे विचारायचं राहूनच गेलं.

नाफ्ताली गाऊ लागले. सूर खालचा, संथ. मरणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून प्रत्येक ओळीनंतर थांबणारा. झेलिग शब्दामागून शब्द म्हणत गेले. डोळे वाहू लागले.

“ऐकलंस, पोरी? याला म्हणतात रब्बी. असं शिकल्याशिवाय येत नाही.”

द्वोराने त्यांची उशी सारखी केली.

बाहेर आल्यावर नाफ्तालींनी हॅट काढून हातात घेतली. बुटांचं दुकान विकून साठीत ते संगणकावरच्या त्याच वर्गात दाखल झाले होते, तिच्याबरोबर. ही चाल तिने बांधलेली. ती गळ्यात बसेपर्यंत तिनेच दर रविवारी फोनवरून त्यांच्याकडून घोटून घेतली होती.

“हे बरं नाही झालं, द्वोरा. आत जाऊन खरं काय ते सांगतो.”

“नको,” द्वोरा म्हणाली. “मग दुसरा रब्बी शोधावा लागेल. तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही.”